रायफल चांगली आहे, पण सूत जुळत नाही: काय काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो. तुमचं दुखणं हेच आहे का, ते त्यावरून कळेल.

दहा मीटरची एअर रायफल आहे. नवी असेल किंवा कुणाची वापरलेली, पण कंपनी नावाजलेली आणि पैसे घसघशीत मोजलेले. वर्ष होत आलं तरी ती अंगवळणी पडलेली नाही. खांद्याला लावली की पहिली दोन मिनिटं तिला कुठं बसवायची याचाच शोध चालतो. क्लबच्या जुनाट रायफलवर तुम्ही ६१० च्या आसपास मारत होता, हिच्यावर ६०० लाच दमछाक होते. आज ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) झकास पडतो, उद्या तोच ग्रुप दोन रिंग डावीकडे. सायटर (मॅचआधीच्या चाचणीच्या गोळ्या) छान जातात आणि मॅचमध्ये चाळिसाव्या गोळीपासून मान आखडायला लागते. दोष एकदा पेलेटला (छर्र्याला), एकदा साइटला, एकदा ट्रिगरला. आणि हमखास लक्षण म्हणजे घरी पेटी उघडायचाच कंटाळा येतो.

मी आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, नाही. पंधरा-सोळा वर्षं कोल्हापुरात रेंजवर पडीक असलेला, स्वतः बेताचा स्कोअर मारणारा माणूस आहे. पण “काका, रायफलमध्येच काहीतरी गडबड आहे” असं म्हणत पोरं ज्याच्याकडे येतात, तो मीच. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासून अशी पोरं वाढलीत, आणि त्यांच्यामागून घाईघाईनं रायफल घेऊन बसलेले त्यांचे वडीलही. (स्वप्नीलचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, त्याची रायफल बावीस बोअरची. ती वेगळी आणि ही वेगळी, हे दर आठवड्याला कुणाला तरी समजावावं लागतं.) यातल्या बहुतेक रायफली धडधाकट असतात. त्या दुसऱ्याच कुणाच्या अंगाच्या मापावर लावलेल्या असतात, एवढंच.

खाली तपासण्या दिल्यात त्या फुकट आणि सोप्यापासून महाग आणि अवघडापर्यंत. क्रम मोडू नका. लोक थेट ट्रिगरला हात घालतात, आणि मग मूळ दुखणं कुठलं आणि आपण केलेलं कुठलं, हेच कळेनासं होतं. एक वही ठेवा. एका वेळी एकच बदल, तो वहीत तारखेनं लिहायचा, आणि किमान तीन सराव होईपर्यंत दुसरा बदल करायचा नाही.

पान्याला हात लावण्याआधी बोल्ट उघडा, नळीत पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) घाला, तोंड टार्गेटकडे. घरी दिवाणखान्यात रायफल मांडीवर घेऊन स्क्रू फिरवायचे नाहीत.

डोळे मिटून बघा

याला पैसा लागत नाही, पानाही लागत नाही. पूर्ण जॅकेट-पँट घालून पोझिशन घ्या, पुढच्या साइटमधली रिंग टार्गेटच्या काळ्या गोळ्यावर आणा, डोळे मिटा, दोन श्वास सोडा आणि अंग सैल पडू द्या. आता डोळे उघडा. रिंग काळ्यावरच असेल तर पुढच्या तपासणीकडे जा. डावी-उजवीकडे सरकली असेल तर पाय हलवा. हातानं रायफल ओढून परत जागेवर आणू नका.

हे पहिलं का? कारण ओढून धरलेली रायफल दहा गोळ्या गुणानं वागते. मॅच साठ गोळ्यांची आणि पंच्याहत्तर मिनिटांची आहे. ज्या स्नायूनं ती ओढून धरलीय तो चाळिसाव्या गोळीला थकतो, ग्रुप आडवा पसरायला लागतो आणि आपण म्हणतो रायफल भरवशाची नाही. क्लबच्या रायफलवर हे घडत नव्हतं, कारण तिच्यावर तुम्ही दोन वर्षं उभे राहून पाय आपोआप जागेवर आणले होते. नव्या रायफलचा तोल वेगळा, तिला पाय वेगळे लागतात. दहातल्या दोन तक्रारी माझ्याकडे इथंच मिटतात.

रिंग वर-खाली सरकत असेल तर ते पायाचं काम नाही. ते बटाचं (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचं) किंवा पुढच्या हाताच्या उंचीचं आहे, ते पुढं येईल.

स्क्रू आणि नेलपॉलिश

रायफलवरचा प्रत्येक स्क्रू योग्य पान्यानं नुसता चाचपून बघा. पुढची टनेल (पुढच्या साइटची नळकांडी), मागची डायऑप्टर साइट (बारीक भोकाची), चीक-पीस (गाल टेकायचा भाग), बट प्लेट, ग्रिप, नळीवरची वजनं, आणि अ‍ॅक्शन स्टॉकला (रायफलच्या सांगाड्याला) धरणारे स्क्रू. आवळायचं नाही, फक्त सैल आहे का ते बघायचं. अ‍ॅक्शनच्या स्क्रूंना किती आवळायचं याचा आकडा पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. तो क्लबात असतो, मागून घ्या. मनगटाच्या अंदाजानं आवळलेला स्क्रू हा सैल स्क्रूइतकाच त्रास देतो.

सगळे स्क्रू ठीक झाले की प्रत्येकाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगी गोष्ट या खेळात दुसरी नाही.

एका मुलीचे वडील इचलकरंजीहून रायफल विकायच्या तयारीनंच आले होते. गिऱ्हाईकही ठरलं होतं. पुढच्या टनेलचा स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला. बोटानं हलवली की टनेल केसभर हलायची. तेवढं हलणं दहा मीटरवर काय करतं? दहाच्या रिंगचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, आणि एका रिंगपासून दुसऱ्या रिंगचं अंतर अडीच मिलिमीटर. म्हणजे पाव मिलिमीटर सरकलं की एका गुणाचा दहावा भाग, म्हणजे एक दशांश, गेला. त्या पोरीनं चार महिने स्वतःला दोष दिला होता.

लाकडी स्टॉक असेल तर पावसाळ्याचं वेगळं बघा. आमच्याकडे जुलैत भिंतीलाही पाझर फुटतो, तिथं लाकूड फुगणारच. उन्हाळ्यात बरोबर आवळलेले स्क्रू पावसाळ्यात आणि पुन्हा दिवाळीनंतर तपासायचे. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला हा जाच नाही, पण पेटीतला स्पंज ओल धरतो. रेंजवरून घरी गेलात की पेटी उघडी ठेवा.

हवा

रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरचं मीटर बघा. बहुतेक मॅच रायफली २०० बारपर्यंत भरतात. आतला रेग्युलेटर प्रत्येक गोळीला सारखी हवा देतो, पण सिलिंडरमधला दाब कंपनीनं दिलेल्या खालच्या मर्यादेच्या खाली गेला की त्याचा हिशेब चुकतो, आणि गोळ्या हळूहळू खाली उतरायला लागतात. मॅचच्या शेवटी ग्रुप खाली घसरतोय आणि तुम्हाला वाटतंय की हात थकला, असं असेल तर आधी मीटर बघा.

भरायची सवयही तपासा. घाईनं भरली की हवा तापते, मीटर २०० दाखवतं, आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. सावकाश भरायची. मॅचच्या दिवशी एकच सिलिंडर पूर्ण भरलेलं घेऊन उभं राहायचं.

रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी बघा. गारव्यानं काटा किंचित हलणं वेगळं. दहा-पंधरा बार गेले असतील तर गळती आहे, आणि गळती घरी दुरुस्त करायची नसते. जोडणीच्या आट्यांना तेल लावून बघू असं कुणी सुचवलं तर हात जोडा. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडरवर कंपनीनं मारलेली मुदतीची तारीखही बघा. मुदत संपलेलं सिलिंडर तपासणीत अडतं, आणि ती जबाबदारी नेमबाजाचीच धरतात. वापरलेल्या रायफलीबरोबर आलेल्या सिलिंडरची तारीख घेणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच बघितलेली नसते.

पेलेट

डबी पांढऱ्या कागदावर ओता. स्कर्ट (मागची पोकळ कड) चेमटलेले, कड दुमडलेले पेलेट बाजूला काढा. डबी एकदा जरी पडली असेल तरी ती सरावाला ठेवा, मॅचला नको. मधूनच एखादी गोळी कारण नसताना आठाला जाते आणि बाकीच्या ठीक असतात, तेव्हा निम्म्या वेळा हेच असतं.

यानंतर डोक्याच्या मापाकडे या. डबीवर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं. पेलेटच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. एखाद्या नळीला एक माप मानवतं, एखाद्या नळीला दुसरं. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन लॉटमध्येही (एका खेपेला बनवलेला माल म्हणजे लॉट) फरक पडतो. मैत्रिणीच्या रायफलवर जे पेलेट सोन्यासारखे चालतात ते तुमच्या रायफलवर चालतीलच असं नाही. आणि पिस्तूलवाल्याकडून उसनी डबी घेतली असेल तर तीही बघून घ्या. पिस्तूलचे पेलेट साधारण ०.४५ ग्रॅमचे असतात, रायफलचे ०.५३ च्या आसपास. हलका पेलेट वेगळ्या जागी पडतो.

पण इथं जास्त रमू नका. पेलेटचा खरा निवाडा रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) बांधूनच होतो. खांद्यावरून मारून दहा डब्या तपासणं म्हणजे डगमगत्या तराजूवर सोनं तोलणं.

साइट

पुढच्या टनेलमधली रिंग कुठल्या मापाची आहे? बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. आधीच्या मालकानं घातलेली तशीच असते. रिंग आणि काळा गोळा यांच्यात पांढरा गोल स्पष्ट दिसला पाहिजे. रिंग फार घट्ट असेल तर होल्ड (रायफलची पकड) जरा हलला की काळं रिंगला चिकटतं, आपण घाबरून ट्रिगर घाईनं ओढतो. नवशिक्यांनी मोठी रिंग घेऊन सुरुवात करावी असं माझं मत. लोक लहान घेतात, कारण मोठ्या खेळाडूची लहान असते असं त्यांना वाटतं.

मग साइटच्या फिरक्यांचे क्लिक तपासा. पाच गोळ्या मारा. मग दहा क्लिक उजवीकडे, पाच गोळ्या. दहा वर, पाच गोळ्या. दहा डावीकडे, पाच. दहा खाली, आणि शेवटच्या पाच. चौकोन पूर्ण होऊन शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसायला हवा. बसला नाही तर डायऑप्टरच्या आत झीज आहे. दिशा बदलताना पहिले एक-दोन क्लिक पोकळ जातात का, तेही बघा. जुन्या साइटमध्ये जातात. त्याला उपाय म्हणजे नेहमी एकाच बाजूनं येऊन थांबायचं: उजवीकडे तीन क्लिक हवे असतील तर आठ उजवीकडे जाऊन पाच परत या. झीज त्याच्या पलीकडे असेल तर साइट दुरुस्तीला. ती घरी उघडायची नाही. आतली स्प्रिंग उडाली की कपाटाखाली जाते, हे मी अनुभवानं सांगतोय.

अंगाचं माप

खरं दुखणं बहुतेक वेळा इथं असतं. वेळही इथंच लागतो, पैसा नाही.

आजची मॅच रायफल म्हणजे शिंप्याकडचं कच्चं टाचलेलं कापड. बट मागं-पुढं होतो, वर-खाली होतो, तिरका होतो. चीक-पीस उंच, खाली, डावं, उजवं. ग्रिप फिरते. पुढचा टेकू उंचावतो. एवढं सगळं हलतं म्हणूनच ती दुसऱ्याच्या मापावर लागलेली असली तर तुम्हाला टोचते. क्लबच्या जुन्या रायफलमध्ये फारसं काही हलतच नव्हतं, तिथं तुम्हीच तिच्याशी जुळवून घेतलं होतं. म्हणून ती “आपली” वाटायची.

आधी सध्याच्या जागा लिहून घ्या. मोजपट्टीनं, मिलिमीटरमध्ये, प्रत्येक पट्टीवरचा आकडा, आणि मोबाइलवर फोटो. परत फिरायची वाट असली तर माणूस न घाबरता बदल करतो.

बटाची लांबी पहिली. पोझिशनमध्ये उभं राहून ट्रिगरवर बोट ठेवा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ बसतं का? बट फार लांब असेल तर बोट ताणून पोचतं, खांदा मागं ओढला जातो आणि ट्रिगर बाजूला ढकलला जातो. गोळ्या आडव्या पसरतात. फार आखूड असेल तर नाक साइटला लागतं आणि मान मागं घ्यावी लागते.

मग बटाची उंची. नियम एकच: रायफल डोक्यापाशी आली पाहिजे, डोकं रायफलपाशी जाता कामा नये. समोरून फोटो काढायला सांगा. डोकं उजवीकडे कललेलं, मान पुढं काढलेली दिसली तर बट खांद्यात फार वर बसलाय आणि रायफल खाली राहिलीय. बट प्लेट खाली घ्या म्हणजे रायफल वर येईल. चाळिसाव्या गोळीला आखडणारी मान इथं सुटते. मला सांगताना अनेकांना हे उलटं वाटतं, म्हणून पुन्हा लिहितो: प्लेट खाली, रायफल वर.

चीक-पीस त्यानंतर, आधी नाही. बट हलवला की गालाची जागा बदलतेच, त्यामुळे आधी लावलेलं चीक-पीस फुकट जातं. तपासायची रीत अशी. डोळे मिटून रायफल लावा, गाल नेहमीच्या वजनानं टेकवा, मग डोळा उघडा. डायऑप्टरच्या भोकात पुढची टनेल अगदी मधोमध दिसली पाहिजे. खाली-वर किंवा बाजूला दिसली आणि मग तुम्ही गाल दाबून किंवा उचलून ती मधे आणत असाल, तर प्रत्येक गोळीला तो दाब वेगळा पडणार. उभा पसरलेला ग्रुप बऱ्याचदा गालाचा असतो, श्वासाचा नसतो.

झुकाव हा एक प्रकार कुणी मोजत नाही. उभं राहून मारताना रायफल थोडी डोक्याकडे कललेली असते, ते चालतं. पण ती दर वेळी तेवढीच कललेली हवी. पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगानं निघतो, दहा मीटर जायला सेकंदाचा जेमतेम सोळावा-सतरावा भाग लागतो, आणि तेवढ्यात तो पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. ती घट साइटनं भरून काढलेली असते. कल पाच अंशांनी बदलला तर ती भर चुकीच्या दिशेला जाते आणि गोळी साधारण दीड मिलिमीटर बाजूला पडते. म्हणजे सहा दशांश गेले, आणि होल्ड, ट्रिगर, डोळा सगळं बिनचूक असताना. “आज ग्रुप चांगला, उद्या दोन रिंग डावीकडे” यात कलाचा वाटा मोठा असतो. बट प्लेटचा कोन तुमच्या खांद्याच्या खोबणीशी जुळला की कल आपोआप एका जागी येतो.

पुढचा हात शेवटी. कोपर कमरेच्या हाडावर टेकतो का? टेकत नसेल तर पूर्ण रायफल तुम्ही दंडानं उचलून धरलीय. टेकू उंचावून बघा, नसेल तर मुठीची ठेवण बदला. साडेपाच किलोपर्यंतची रायफल नियमात बसते. तेवढं वजन हाडावर टेकलं पाहिजे, स्नायूवर नाही. नळीवरची वजनंही याच वेळी बघा. आधीच्या मालकानं त्याच्या ताकदीनुसार लावलेली असतात. एक काढून आठवडाभर मारा.

वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांसाठी: तेरा ते सोळाच्या दरम्यान हे सगळं दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. जूनमध्ये बसलेली रायफल नोव्हेंबरात “बिघडते” ती म्हणूनच. आणि जॅकेट नवं घेतलं तरी बट पुन्हा लावायचा. नव्या जॅकेटचा ताठपणा पहिले काही आठवडे वेगळाच असतो.

ट्रिगर

बाहेरून फिरणारे स्क्रू असतात तेवढेच आपले. ट्रिगर ब्लेडची जागा पुढं-मागं करा, बोटाला सरळ लागेल अशी. पहिला टप्पा किती लांब, दुसरा किती जड, हे पुस्तिका बघून अर्धा-पाव फेऱ्यात बदला आणि वहीत लिहा. फार हलका करायच्या नादाला लागू नका. ट्रिगर हलका झाला की गोळी “आपोआप” सुटते आणि गंमत वाटते, पण नेम धरण्याआधीच सुटलेल्या गोळ्यांचा हिशेब मॅचमध्ये कळतो.

बदलानंतर आधी पन्नास ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर ओढणं. मग बोल्ट बंद करून, पेलेट न घालता, तोंड टार्गेटकडे ठेवून रायफलच्या बटावर तळहातानं हलकी थाप मारा. ट्रिगर सुटला तर लगेच आधीच्या आकड्यावर परत.

डोळे

चाळिशीच्या पुढच्यांनी हे वाचाच. पुढची रिंग धूसर दिसायला लागली की आपण डायऑप्टरला दोष देतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना नुसता चष्म्याचा नंबर मागू नका. मला अमुक इतक्या अंतरावरची पुढची रिंग स्पष्ट दिसायला हवी, असं अंतर मोजून सांगा. मी हे तीन वर्षं उशिरा केलं. तोवर दोन डायऑप्टर बदलले होते.

व्हाइस

इथवर सगळं झालं आणि दोन महिने गेले तरी ग्रुप फुटतोय, तर आता रायफलचीच साक्ष काढा. क्लबात टेस्टिंगचा व्हाइस असेल तिथं, जाणत्या माणसाच्या हातून. पुण्यात बालेवाडीला जायची वेळ आली तर जा, एक दिवस मोडेल. पेलेट ४.५ मिलिमीटरचा असतो. चांगल्या नळीतून योग्य लॉटच्या पाच गोळ्यांचं भोक बाहेरून बाहेर पाच-सहा मिलिमीटरमध्ये बसतं. रायफलीबरोबर कंपनीचं टेस्ट कार्ड आलं असेल तर तेही सोबत न्या.

भोक लहान आलं तर रायफल निर्दोष आहे, तिचं बोलणं बंद करा आणि वर अंगाच्या मापाशी परत या. दोन-तीन लॉट बदलूनही भोक मोठंच येत असेल तर फेल्टचे पेलेट नळीतून मारून ती साफ करा आणि पुन्हा बघा. मॅच एअर रायफलची नळी वरचेवर घासायची नसते, आणि लोखंडी सळई तर कधीच घालायची नाही. त्यानंतरही मोठं असेल तर तुमचं काम संपलं.

इथं थांबा, आर्मररला फोन करा

बोट न लावता गोळी सुटली, एकदा जरी. बोल्ट बंद करताना सुटली. ट्रिगर ओढूनही सुटली नाही आणि मग भलत्याच वेळी सुटली. अशा वेळी तोंड टार्गेटकडेच, रेंज ऑफिसरला हाक मारा, रिकामी करून फ्लॅग घाला आणि पेटीत ठेवा. त्या दिवशी तिच्यावर दुसरी गोळी नाही.

सिलिंडरला पोचा आहे, खोल ओरखडा आहे, गळती आहे, मुदत संपलीय. रेग्युलेटरचा संशय आहे, म्हणजे क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) एकामागून एक गोळ्यांचा वेग उड्या मारतोय. नळी व्हाइसमध्ये ग्रुप देत नाही. ट्रिगर पुस्तिकेतल्या मर्यादेपर्यंत फिरवूनही जमत नाही. यातलं काहीही व्हिडिओ बघून करू नका. आतले सील आणि स्प्रिंगा ज्या कंपनीच्या त्याच लागतात. शक्ती वाढवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून रायफल उलट्या पावली परत आणा. २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूलच्या वर गेलेली एअर रायफल परवान्याच्या कक्षेत येते. आणि मॅचसाठी शक्तीचा काही उपयोगही नाही. आपल्या रायफली त्याच्या निम्म्याहूनही कमीवर चालतात.

एवढं करूनही नाही जमली तर

माझी स्वतःची रायफल मी २०१३ ला पुण्याच्या एका नेमबाजाकडून घेतली. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. वर लिहिलेलं सगळं तिच्यावरच शिकलो. बट चौदा मिलिमीटर आत घेतला, प्लेट खाली केली, पुढची दोन वजनं काढली, पेलेटचा लॉट बदलला. व्हाइसमध्ये तिचं भोक बघून आर्मरर म्हणाला, “हिला काय धाड भरलीय?” स्कोअर आठ-नऊ गुणांनी वाढला आणि तिथं टिकला.

तरी मला ती आवडत नाही. खांद्याला लावल्यावर पाहुण्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटतं. ताट भरलेलं, वाढणारी माणसं चांगली, आणि पाय कुठं ठेवावा ते कळत नाही. काही वर्षं मी या आवडीलाही पान्यानं दुरुस्त करायला बघत होतो. दर रविवारी काहीतरी पाव फेरा फिरवायचो, आणि बसलेला स्कोअर त्यातच दोनदा हलवून बसलो. शेवटी सगळ्या स्क्रूंवर नेलपॉलिश मारली आणि पाने घरी ठेवून यायला लागलो.

तुमची व्हाइसमध्ये पास झाली, स्कोअर वाढला आणि टिकला, आणि तरी मन बसत नसेल, तर ते दुरुस्तीचं काम उरलं नाही. मोसम संपेपर्यंत तिच्यावर मारा. मोसमाच्या मध्यात रायफल बदलणाऱ्यांचं काय होतं ते मी पुष्कळदा बघितलंय. मोसम संपल्यावर दुसऱ्या कुणाची, शक्यतो वेगळ्या स्टॉकची, किमान दोन आठवडे उसनी वापरा. नुसती दुकानात खांद्याला लावून ठरवू नका, दुकानात सगळ्याच छान वाटतात. आणि तिच्यावर मारताना बट आधी आपल्या मापावर लावून घ्या, नाहीतर दोन आठवडे परत दुसऱ्याच्याच अंगात काढाल.

विकायची ठरली तर जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनला विचारून कागदपत्रं आधी नीट करा. सिलिंडरची मुदत, कंपनीचं टेस्ट कार्ड, व्हाइसमधला कागद आणि कुठला लॉट चालतो ते घेणाऱ्याला लिहून द्या. सगळ्या पट्ट्या मधल्या खुणेवर आणून द्या, तुमच्या मापावर ठेवू नका. माझ्याकडे आलेल्या निम्म्या रायफलींचं दुखणं तिथूनच सुरू झालेलं असतं.

माझी अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या महिन्यात सिलिंडरची मुदत संपतेय, नवं मागवलंय.